तांब्यावरची खाडी

माउंट रॉस्किल, ऑकलंड
११ फेब्रुवारी २०२४

दादा,

पत्राच्या वर नमस्कार लिहायचा असतो. तू तो घेशील की नाही याची खात्री नाही, म्हणून मनातल्या मनात करून थेट मुद्द्यावर येते.

गेल्या सात वर्षांत मी तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तू "कोण? कोण?" म्हणालास आणि ठेवून दिलास. दुसऱ्या वेळी तर मी माझं नाव तीनदा सांगितलं होतं. तेव्हाच ठरवलं की पुन्हा करायचा नाही. पत्राचं बरं असतं, त्याला "कोण" असं विचारता येत नाही.

लिहायचं कारण असं की काल मी तांब्यावर काम केलं, आणि मला कुणी हटकलं नाही.

झालं असं. इथं माझी नोकरी आता आठवड्याचे तीन दिवस आहे. काम तेच, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं. तू म्हणशील, जन्मापासून तेच करतेस. उरलेल्या दिवसांत मी घरातली कपाटं इतक्या वेळा आवरली की शंतनूला स्वतःचे मोजे सापडेनात. शेवटी तो म्हणाला, सुचित्रा, तू बाहेर काहीतरी शोध. मी ओटाहुहूला मेथी आणायला गेले होते. तिथं स्टेशनाजवळ एका जुन्या हॉलच्या मागं छापचित्रांची कार्यशाळा आहे. खिडकीतून बघते तर टेबलावर तांब्याचा पत्रा. पाय आपोआप आत गेले. मेथी हातातच होती.

आत हेझल नावाच्या बाई होत्या. वय शहात्तर, मूळच्या इंग्लंडमधल्या सफोकच्या, इथं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. त्या मेझोटिंट शिकवतात. हे सगळं काम उलट्या दिशेनं चालतं, दादा. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. चंद्रकोरीच्या आकाराचं एक पातं असतं, त्याच्या धारेला बारीक दाते. त्याला रॉकर म्हणतात. ते पत्र्यावर पाळण्यासारखं डोलवत न्यायचं. एका दिशेनं सगळा पत्रा भरला की जरा कोन बदलून पुन्हा. असं चाळीस वेळा. मग पत्रा मखमलीसारखा खरखरीत होतो, आणि तसाच शाई लावून छापला तर कागदावर नुसता काळाकुट्ट चौकोन येतो. चित्र काढायचं ते त्या काळोखातून. जिथं उजेड हवा तिथं खरवडायचं आणि घोटून गुळगुळीत करायचं. जेवढं घोटाल तेवढा उजेड.

बाईंनी मला विचारलं, याआधी तांब्याचं काम केलंय का. मी म्हणाले, पुण्याच्या तांबट आळीत वाढले. त्यांचे डोळे मोठे झाले. मग खरं ते सांगितलं, की वाढले तिथं, पण हातोडीला हात लावायची परवानगी नव्हती. माझ्याकडे चिंच आणि राख, घासायला.

त्यांनी रॉकर माझ्या हातात दिला आणि चहा करायला गेल्या. परत आल्या तेव्हा एक दिशा पूर्ण झाली होती.

बाबांच्या तेराव्याच्या दिवशी आपण काय काय बोललो ते मला सगळं आठवतं. तू म्हणालास, "तू कधी हातोडी धरलीस?" त्याआधी मी जे बोलले होते ते इथं लिहीत नाही. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

सुची


२४ मार्च २०२४

दादा,

उत्तर आलं नाही, तरी लिहिते. माझ्या डोक्यात हल्ली तांब्याशिवाय काही नाही आणि शंतनू ऐकून ऐकून थकला आहे.

माझे तीन छोटे पत्रे झाले. पहिल्यावर वांगं काढलं. ते सगळ्यांना विमान वाटलं. दुसऱ्यावर आपल्या घरातला बंब काढला, तो मात्र साधला. पितळी तोटीवर उजेडाचा एक ठिपका ठेवलाय, तो बघून हेझल म्हणाली, हा ठिपका तू पाहिलेला आहेस, रचलेला नाहीस. (आता मी तिला नावानंच हाक मारते. इथं बाई-ताई करत बसलं की लोक मागं वळून बघतात.)

तिच्या भिंतीवर एक जुनी मेझोटिंट आहे. कॉन्स्टेबलच्या चित्रावरून केलेली. हवालदार नव्हे, त्या नावाचा चित्रकार, दोनशे वर्षांपूर्वीचा, हेझलच्याच गावाकडचा. त्यानं आपल्या भागातलीच शेतं, कालवे, झाडं आणि मुख्य म्हणजे ढग रंगवले. त्या चित्रांच्या मेझोटिंट करायला एक तरुण कोरक्या ठेवला होता, आणि त्याला सारखी पत्रं लिहायचा, हा ढग जड झाला, ते झाड काळं पडलं, पुन्हा कर. हेझल हे असं सांगते की जणू दोघं तिच्या शेजारी राहत असावेत. मला मात्र बाबा आठवले. घडा पुरा झाला तरी "गळ्यापाशी जरा बसलाय" म्हणून तुला पुन्हा करायला लावायचे.

हेझल स्वतः पन्नास वर्षं इथं आहे आणि पन्नास वर्षं सफोकच काढते आहे. तेच कालवे, तेच एल्मचे उंच वृक्ष. ती १९७३ मध्ये इकडं आली. त्यानंतर थोड्याच वर्षांत तिकडच्या एल्मना रोग लागला आणि जवळजवळ सगळे मेले. तिनं ते पडताना पाहिले नाहीत. म्हणून तिच्या तांब्यावर ते अजून उभे आहेत.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे बोलून गेले. म्हटलं, हेझल, पन्नास वर्षं ज्या देशाचं पाणी प्यालीस तिथलं एक झाडही काढलं नाहीस? तिनं हत्यारं पुसून ठेवली आणि बसनं घरी गेली. पुढच्या शनिवारी आलीच नाही. आठवडाभर मला जेवण गोड लागेना. लोकांना तोडून बोलायची माझी जुनी खोड इथंही आलीच, असं वाटलं.

काल ती आली. काखेत गुंडाळलेला कागद. टेबलावर उलगडला तर मानुकाऊची खाडी, ओहोटीच्या वेळची. मांगेरेच्या बाजूनं दिसते तशी. चिखल, चिखलातून पाण्याच्या वाटा, कडेला तिवराची झाडं, अगदी कोकणातल्यासारखी, आणि वर भलंमोठं आभाळ. तिच्या बोटांचे सांधे आता आखडलेत, रॉकर तिला धरवत नाही. ती म्हणाली, चित्र माझं, हात तुझे, आणि ढगांवरून भांडण दोघींचं. ऑक्टोबरच्या शेवटी ती नेल्सनला मुलाकडे कायमची राहायला जाणार आहे, त्याआधी छापून व्हायला हवं.

मी हो म्हणाले. पत्रा भलामोठा आहे, वीत दीड वीत नाही, चांगला दोन वीत लांब.

सुची


१९ मे २०२४

दादा,

हे पत्र लिहायला मला नऊ दिवस लागले.

मैत्रेयीचा मेसेज आला. तुझ्या मुलीला मी शेवटचं पाहिलं तेव्हा ती दोन वेण्या घालायची, आता मला समजावते. तिनं लिहिलं, "आत्या, तुझी दोन्ही पत्रं बाबांनी वाचली. तुला कुणी सांगितलं नाही वाटतं. बाबांना २०१५ पासूनच कमी ऐकू येतं. आता उजव्या कानानं काहीच नाही, डाव्यानं मशीन लावून थोडंसं. फोनवर तर आवाजच कळत नाही. डॉक्टर म्हणाले होते, ठोकण्याचं काम थांबवा, नाहीतर आहे तेही जाईल. आजोबांना हे कळू द्यायचं नाही म्हणून दुकान बंद करताना बाबांनी सगळ्यांना गिऱ्हाईक नाही असं सांगितलं."

आता ते वाक्य लिहिते, जे पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं.

तेराव्याच्या दिवशी मी बोळकंडीत तुझ्या मागं उभी होते. ऐरणीवर तू गोणपाट टाकलेलं पाहून आले होते. मी "दादा, दादा" अशी तीनदा हाक मारली. तू वळला नाहीस. मग मी सगळ्या पाहुण्यांसमोर ओरडले, "बहिरा झालायस का? सोयीचं तेवढंच ऐकू येतं तुला." तेव्हा तू वळलास. तुझा चेहरा बघून मला वाटलं, बरोबर लागलं, दुकान बंद केल्याची लाज वाटते आहे. मी सात वर्षं तेच समजून चालले.

मी चुका शोधून पोट भरते, दादा. आणि ही मला दिसली नाही.

माफी मागते. याला "पण" नाही, "त्या वेळी" नाही. मी फार वाईट बोलले.

नीतावहिनीलाही सांग, तिनं तेव्हा मला स्वयंपाकघरात ओढून नेलं होतं, मी तिच्यावरही चिडले होते. तिला सगळं माहीत होतं आणि तरी तुझा शब्द राखून ती गप्प राहिली.

एवढं लिहून थांबणार होते. पण एक गोष्ट सांगायला माझा हात शिवशिवतो आहे. या कामाला आवाज नाही. रॉकर चालतो तेव्हा बाजरी पाखडल्यासारखी हलकी खसखस येते, तेवढीच. तांब्याचं काम आणि आवाज नाही, हे मला आधी खोटंच वाटायचं. आता त्याच शांततेत बसून मी मोठा पत्रा भरते आहे. बत्तीस दिशा झाल्या. आठ राहिल्या.

तुझी सुची


४ ऑगस्ट २०२४

दादा,

आज तुझ्याकडे काम आहे. खरंखुरं काम. पण आधी आमची मजा ऐक.

जूनपासून आम्ही दोघी रविवारी खाडीवर जातो. हेझल गुडघ्यापर्यंत गमबूट घालून घडीच्या खुर्चीवर बसते, मी थर्मास आणि ठेपल्यांचा डबा घेऊन शेजारी. थंडी अशी की नाक हाताला लागत नाही. ती आभाळाकडे बघते आणि मला बोटांनी दाखवते, कुठला ढग कुठं विरतो. इथला उजेड कडक आहे. ती म्हणते, सफोकमध्ये प्रकाश ओल्या फडक्यातून गाळून येतो, इथं बादलीभर अंगावर ओततात. पन्नास वर्षं तिला हा उजेड उद्धट वाटायचा. आता म्हणते, याचंही काहीतरी म्हणणं आहे, ऐकून तर घेऊ. एकदा भरती येतीय हे आमच्या लक्षातच आलं नाही. खुर्चीसकट तिला उचलून आणावं लागलं. एक सामोअन आजोबा पोरांना घेऊन मासे धरायला आले होते, त्यांनी एका बाजूनं खुर्ची धरली. हेझल खुर्चीतून "किआ ओरा", म्हणजे माओरीतला नमस्कार, म्हणत सगळ्यांना हात करत होती, पालखीत बसल्यासारखी.

चित्र सुंदर उतरत होतं. चिखल तर असा झालाय की बोट लावलं तर रुतेल. ओल्या चिखलावरची चमक घोटताना मला आपल्या परातीच आठवल्या. मी चिंच-राखेत काढलेली वर्षं फुकट गेली नाहीत म्हणायची.

घोटाळा आभाळात झाला. मधोमध, ढग फाटून उजेड खाली येतो ती जागा. हेझल म्हणाली अजून उजळ कर. मी खरवडलं. पुढच्या शनिवारी म्हणाली अजून. पुन्हा खरवडलं. तिसऱ्यांदा मीच हट्टानं खरवडलं, तिनं सांगितलं नव्हतं. आता तिथं तांबं बसलंय. रुपयापेक्षा जरा मोठा खळगा झालाय, डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो. शाई लावून पुसली की त्या खळग्यात शाई साठते. परिणाम असा की जिथं सगळ्यात जास्त उजेड हवा तिथं कागदावर राखाडी डाग येतो.

याला उपाय आहे म्हणतात. पत्रा उलटा ठेवून पाठीमागून तेवढीच जागा ठोकून वर आणायची. हेझलनं पूर्वी ते केलंय, पण आता तिच्या हातात हातोडी ठरत नाही. कार्यशाळेतल्या दोघांनी हात वर केले. एकानं सरळ सांगितलं, हा पत्रा सोडा, नवा घ्या. नवा घेतला तर चाळीस दिशा पुन्हा, आणि ऑक्टोबर काही थांबणार नाही. हेझल म्हणते, जाऊ दे, मी डागासकट छापते, ढगात डाग असतातच. तिचा आवाज मात्र तसं म्हणत नव्हता.

मी त्या सगळ्यांना सांगून बसले आहे की माझा भाऊ पुण्यातला सगळ्यात चांगला तांबट आहे.

कसं ठोकू ते सांगशील? पत्र पोचायला तीन आठवडे लागतात, म्हणून याचा फोटोही मैत्रेयीला पाठवते.

सुची


२५ ऑगस्ट २०२४

दादा,

तुझं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. मैत्रेयीनं पाठवलेल्या फोटोत तुझं अक्षर दिसलं आणि मी डेअरीच्या दारात दुधाची बाटली घेऊन तशीच उभी राहिले. मागचा माणूस म्हणाला, यू ओके? मी म्हणाले, स्वीट ॲज, म्हणजे इथल्या बोलीत "मजेत". सोळा वर्षांत पहिल्यांदा तो शब्द माझ्या तोंडून बरोबर जागी पडला.

सात वर्षांनंतर आलेलं तुझं पहिलं वाक्य असं होतं: "पत्र्याची जाडी लिहिली नाहीस, हातोडीचं तोंड कसं आहे ते लिहिलं नाहीस, आणि विचारतेस कसं ठोकू." मी हसले आणि मग रडले, हेही तुला सांगायला हरकत नाही. लगेच मोजून कळवलं, पत्रा दीड मिलिमीटर, हातोडीचं तोंड सपाट. तू लिहिलंस, सपाट चालणार नाही, गोलसर आण. ती मी बॉटनी डाउन्सच्या हार्डवेअरच्या दुकानात शोधली. तिथल्या मुलीनं विचारलं कशाला हवी. मी म्हणाले, आभाळ दुरुस्त करायचंय. तिनं निमूटपणे पावती फाडली.

दुसरा कागद आला तो मी कार्यशाळेच्या भिंतीवर चिकटवला. एकेक ओळ इंग्रजीत करून हेझलला सांगितली. तिनं खुर्ची ओढून घेतली आणि परीक्षेला बसल्यासारखी बसली.

तू लिहिलंस, लोखंडी सपाटीवर जाड पुठ्ठा घाल, म्हणजे बाकीची खरखर दबणार नाही. घातला. कॅलिपरनं खळग्याची जागा पाठीवर उतरव आणि भोवती खडूनं गोल काढ. काढला. पहिला ठोका मधे मारायचा नाही, कडेनं सुरुवात करून गोल गोल आत यायचं. हातोडी मारायची नाही, उचलून पडू द्यायची. मनगट सैल. जोर हातोडीचा, तू फक्त वाट दाखवायची.

आणि शेवटी तू लिहिलंस: "कान दे. पत्रा खाली टेकलेला नसेल तर पोकळ वाजेल. टेकला की भरीव वाजेल. त्या ठोक्याला थांब. एक ठोका कमी पडला तर पुन्हा मारता येतो, जास्त पडलेला परत घेता येत नाही. हे मी इथून सांगू शकत नाही. तिथं तू आहेस आणि तुझे कान चांगले आहेत."

हे मी इंग्रजीत दोनदा सांगितलं. हेझलनं विचारलं, तो स्वतः ऐकू शकतो का. मी म्हणाले, नाही. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी हातोडी उचलली. चोपन्नाव्या वर्षी, दादा. पहिला ठोका इतका भित्रा पडला की तो पडला की नाही हे कुणाला कळलं नाही. दुसरा पडला आणि आवाज आला, तो थेट आपल्या आळीतला. लहानपणी झोपेतून जाग यायची ती त्या आवाजानं. तिसरा, चौथा. पोकळ. पाचवा, सहावा, सातवा. पोकळच, पण जरा कमी. कार्यशाळेत सगळे हातातलं काम ठेवून उभे होते. अकराव्या ठोक्याला आवाज बदलला. घट्ट झाला, लाडू वळून झाल्यावर मुठीत होतो तसा. मी थांबले.

पत्रा उलटवून बोट फिरवलं. खळगा लागला नाही. हेझलनं फिरवलं, दोनदा. मग डोळे मिटून तिसऱ्यांदा. ती म्हणाली, "तुझ्या भावाला सांग, मी त्याची विद्यार्थिनी व्हायला तयार आहे."

आता तेवढ्या जागेला पुन्हा रॉकर फिरवून हळूहळू उजेड काढायचा आहे. या वेळी हट्ट करणार नाही.

तुझी शिष्या क्रमांक एक (हेझल क्रमांक दोन)


१३ ऑक्टोबर २०२४

दादा,

काल छापलं.

शाई लावून, पुसून, ओला कागद वर ठेवून मी प्रेसचं चाक फिरवलं. कागद उचलायचा मान हेझलचा. तिनं दोन कोपरे धरले आणि सावकाश मागं नेला. आधी चिखल आला, मग पाण्याच्या वाटा, मग तिवरं, आणि मग आभाळ. मधोमध ढग फाटलेला आणि त्यातून उजेड खाली खाडीवर. डागाचा मागमूस नाही. तो उजेड आहे कसा म्हणशील तर भर दुपारी अंधाऱ्या खोलीचं दार कुणी ढकलावं तसा.

हेझलनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे सफोक नाही," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "नाहीच मुळी." आणि तिच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की शेजारच्या टेबलावरच्या माणसानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

बारा प्रती काढल्या. जुन्या पद्धतीत डाव्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव लिहितात आणि उजव्या कोपऱ्यात तांब्यावर उतरवणाऱ्याचं. हेझलनं पेन्सिलीनं डावीकडे आपलं नाव लिहिलं, मी उजवीकडे माझं. मग ती म्हणाली, मधे जागा आहे. मला कळेना. ती म्हणाली, उजेड कुणामुळे आला? तर तुझं नाव मधे आहे, मी देवनागरीत लिहिलंय, "मठार: रमण". इथले लोक विचारतात मठार म्हणजे काय. मी सांगते, आमच्याकडे तांब्याला ठोकून ठोकून घट्ट करतात, त्याला म्हणतात.

पुढच्या शनिवारी हेझल जाते आहे. मी रडायची तयारी ठेवली होती, पण ती नेल्सनला पोचल्याबरोबर तिकडची खाडी काढणार आहे आणि पत्रे मी भरून पाठवायचे, असा हुकूम सोडून मोकळी झाली. रोज दहा फोन करेल. चांगलंच आहे.

एक प्रत तुला पाठवते आहे, नळकांड्यात गुंडाळून. आणि दुसरा कागद आहे तो निमंत्रणाचा, व्हिसाच्या कामासाठी. शंतनूनं भरलाय, म्हणजे चुका नसतील. नीतावहिनी आणि तू, दोघांनी या. डिसेंबरनंतर इथं उन्हाळा असतो. आवाज नसलेलं तांब्याचं काम तुला दाखवायचं आहे. नाही आलास तरी मी लिहीत राहीन, पण ये.

सुची


१९ जानेवारी २०२५
समोरच्या खुर्चीस

दादा,

या पत्राला पाकीट नाही. तू टेबलाच्या पलीकडे बसला आहेस, दाढी करून, शंतनूच्या सपाता (इथं त्यांना जँडल म्हणतात) घालून, आणि मी लिहिते आहे ते उलटं वाचायचा प्रयत्न करतोयस. थांब, पुरं होऊ दे.

तुझ्या कानातल्या मशीननं विमानतळावर दगा दिला ते एका अर्थी बरंच झालं. तेव्हापासून आपण ही वही वापरतो. आठ दिवसांत अर्धी भरली. अर्ध्याहून जास्त तुझंच अक्षर आहे, आणि त्यातलं बरंचसं माझ्या शुद्धलेखनावर. वहिनी म्हणते, इतकं तर हे तीस वर्षांत माझ्याशी बोलले नाहीत. आत्ता ती अंगणात शेजारच्या बाईला खुणांनी अळूवडी शिकवते आहे.

काल कार्यशाळेत काय झालं ते मी नेल्सनला कळवलंय. तू रॉकर हातात घेतलास, दोनदा पालथा करून बघितलास, दात्यांवरून अंगठा फिरवलास, आणि मग जो बसलास तो चार तास उठला नाहीस. मला जे करायला महिना लागतो ते तू दोन दिवसांत करशील असं दिसतंय. तळवा पत्र्यावर टेकवून तू कसलीशी थरथर बघत होतास. सगळे तुझ्याभोवती जमले होते. तुला कळलंही नाही. हेझलचं उत्तर आलंय: "त्याला परत जाऊ देऊ नकोस."

मला वाटलं होतं, तू आता ठोकायचं नाव काढणार नाहीस. पण आज सकाळी तू शंतनूला गाडी काढायला लावून कुठंसा गेलास, आणि आलास तो गॅरेजमध्ये खुडबुड करत बसलास. मी डोकावले तर ओंडक्यावर लोखंडी सपाटी बसवलेली, शेजारी तांब्याची गोल थाळी, आणि माझी बॉटनी डाउन्सची हातोडी. मी वहीत लिहिलं, "डॉक्टरांनी तुला मनाई केलीय." तू लिहिलंस, "मला केलीय. तुला नाही. आजपासून तू घडा करायचा. बुडापासून गळ्यापर्यंत सगळा."

मी हातोडीकडे हात नेला तर तू तो हात बाजूला सारलास. मला तेराव्याचा दिवस आठवला, खोटं कशाला सांगू. मग तू मागच्या पिशवीतून ते काढलंस. केशरी रंगाचे, कान झाकायचे मोठे जाड गोळे, रस्ते खोदणारे लोक घालतात तसले. मला शंतनू नंतर म्हणाला की दुकानात तू सहा जोड त्याच्या कानांवर घालून बघितलेस आणि प्रत्येक वेळी टाळी वाजवून ती त्याला ऐकू येते का ते विचारत होतास, कारण तुला स्वतःला ते कळणार नव्हतं. तू ते माझ्या डोक्यावर चढवलेस, दोन्ही कान नीट झाकले की नाही ते बोटं घालून तपासलंस, केसांची बट बाहेर राहिली होती ती आत घेतलीस.

मग वही ओढलीस आणि लिहिलंस, "आधी हे. मग हातोडी."

मी काहीतरी उत्तर लिहायला म्हणून इथं टेबलापाशी आले आणि हे एवढं लांबलं. तू आता उठलास, वहीवर टिचकी मारतोयस, आणि गॅरेजकडे बोट दाखवतोयस. थाळी तयार आहे म्हणतोस. आले.